'थ्री हंड्रेड मॅग्नम'चे दिवस भरले का?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातले 'अं' आणि 'म्हणजे' गाळलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



रात्रीचे साडेअकरा वाजलेत. चौघांचा स्क्वॉड लागलाय. समोरच्या टेकडीवर एअरड्रॉप पडलाय, पेटीतून लाल धूर निघतोय. सगळ्यात पुढे असलेला मित्र पेटी उघडतो आणि हेडफोन फाटेल असा ओरडतो, "एडब्ल्यूएम आहे रे, एडब्ल्यूएम!" पुढचं तुम्हाला माहितीय. लेव्हल तीनचं हेल्मेट घातलेला माणूससुद्धा डोक्यात एक गोळी बसली की संपला.

आता आठवा, त्या बंदुकीला गोळ्या कुठल्या लागतात? बाकीच्या बंदुकांच्या गोळ्या घराघरात पडलेल्या असतात. हिच्या गोळ्या पेटीतच मिळतात, आणि त्यांचं नाव असतं 'थ्री हंड्रेड मॅग्नम'.

हे नाव गेमवाल्यांनी मनाने रचलेलं नाही. खरं काडतूस आहे ते. पूर्ण नाव .३०० विंचेस्टर मॅग्नम, बोलीत 'थ्री हंड्रेड विन मॅग'. जर्मन सैन्याची जी-२२ नावाची स्नायपर रायफल एडब्ल्यूएमच्याच कुळातली आहे आणि ती हेच काडतूस वापरते. पण ते जन्माला आलं शिकारीसाठी, अमेरिकेत, १९६३ साली. आणि गेली काही वर्षं तिथल्या शिकाऱ्यांमध्ये एक प्रश्न घोळतोय: या काडतुसाचे दिवस भरले का?

आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, शिकार बंद आहे, आणि ते चांगलंच आहे. त्यामुळे आपण ही गोष्ट लांबून बघणार आहोत. पण बघण्यासारखी आहे. साठ वर्षं ज्याच्या ताकदीचं कौतुक झालं, त्याच्या ताकदीची गरजच कमी का होत गेली, याची ही गोष्ट आहे. आणि यातला एक आरोपी आत्ता तुमच्या हातात आहे. त्याच्यावरच तुम्ही हे वाचताय.

आधी काडतूस म्हणजे काय ते बघू

बोलताना आपण सरसकट 'गोळी' म्हणतो, पण काडतुसाचे चार भाग असतात. पितळेची नळकांडी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी पेटते, दारू जळते, वायू तयार होतो आणि तो गोळीला नळीतून बाहेर ढकलतो. पितळ मागे राहतं, उडते ती फक्त गोळी.

'मॅग्नम' म्हणजे काय? त्याच जाडीच्या गोळीमागे नेहमीपेक्षा जास्त दारू. मूळ शब्द दारूच्या मोठ्या बाटलीचा, पिण्याच्या दारूच्या. बाटली मोठी, दारू जास्त. इंग्रज बंदूकवाल्यांनी तो उचलला.

आपल्या काडतुसाच्या नावात .३०० असलं तरी गोळीचा खरा व्यास .३०८ इंच, म्हणजे साधारण ७.८ मिलिमीटर. नेहमीची गोळी १८० ग्रेनची. ग्रेन हे जुनं माप आहे, १८० ग्रेन म्हणजे पावणेबारा ग्रॅमच्या आसपास. ही गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगाने सुटते. आवाजाच्या वेगाच्या अडीच पट.

१९६३ साली यात नवं काय होतं?

इथे थोडी वंशावळ सांगावी लागेल. १९१२ साली लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने .३७५ मॅग्नम काढलं. आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी. त्याचं पितळ तोंडाकडे निमुळतं होत जाणारं होतं, म्हणजे उन्हातान्हात अडकून बसणार नाही. पण इतकं निमुळतं असेल तर ते बंदुकीत नेमकं किती आत जाऊन थांबणार? म्हणून बुडाशी एक कडं ठेवलं. कंबरपट्टाच समजा. तो पट्टा अडकला की काडतूस जागेवर बसलं.

१९२५ मध्ये याच घराण्यातून .३०० हॉलंड अँड हॉलंड आलं. १९३५ साली बेन कम्फर्ट नावाच्या नेमबाजाने ते वापरून अमेरिकेतली हजार यार्डांची विम्बल्डन कप स्पर्धा जिंकली आणि सगळ्यांचे डोळे तिकडे वळले. पण एक अडचण होती. काडतूस लांब होतं. त्याला लांब यंत्रणेची बंदूक लागायची आणि ती महाग पडायची.

त्या काळात सामान्य अमेरिकन शिकाऱ्याच्या हातात काय होतं? थर्टी-ऑट-सिक्स. १९०६ सालचं सैन्याचं काडतूस. विंचेस्टर कंपनीने १९६३ मध्ये डोकं लावलं. मॅग्नमचं पितळ आखूड केलं, खांदा ठसठशीत केला आणि एकूण लांबी अशी ठेवली की ते थर्टी-ऑट-सिक्सच्याच मापाच्या यंत्रणेत बसेल. मॅग्नमची ताकद, पण नेहमीच्या बंदुकीत आणि परवडणाऱ्या किमतीत. एवढ्या एका गोष्टीवर ते अमेरिकाभर पोचलं.

आणि गंमत म्हणजे, आता खांदा ठसठशीत होता, काडतूस त्याच्यावरही थांबू शकत होतं, तरी तो कंबरपट्टा तसाच ठेवला. लोकांच्या मनात पट्टा म्हणजेच मॅग्नम असं बसलं होतं. गरज संपली, दागिना राहिला.

चारशे यार्डांवरचा अंदाज

आता मूळ मुद्दा. जास्त वेग कशासाठी हवा होता?

कोलोरॅडो, वायोमिंग, माँटाना ही अमेरिकेच्या पश्चिमेकडची डोंगराळ राज्यं. तिथे एल्क नावाचं मोठं हरीण असतं. आपल्या सांबराचा दणकट भाऊ म्हणा, मोठा नर तीनशे किलोच्या वर जातो. उघड्या माळावर तो समोरच्या उतारावर दिसतो. आता सांगा, किती लांब आहे? तीनशे यार्ड? चारशे? (यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी.) झाड नाही, विजेचा खांब नाही, अंदाज कशावरून करणार?

आणि गोळी काही सरळ रेषेत जात नाही. नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली यायला लागते, मैदानात फेकलेल्या चेंडूसारखीच. बंदुकीचा नेम २०० यार्डांवर जुळवलेला असेल तर ४०० यार्डांवर थ्री हंड्रेड मॅग्नमची नेहमीची गोळी साधारण ५० सेंटिमीटर खाली लागते. थर्टी-ऑट-सिक्सची साधारण ६०.

म्हणाल, दहाच सेंटिमीटरचा फरक? चार-पाच बोटं? बरोबर आहे. पण आता अंदाज चुकवून बघा. जनावर ४०० यार्डांवर आहे आणि तुम्हाला वाटलं ३००. थर्टी-ऑट-सिक्समध्ये गोळी तुम्ही धरलेल्या जागेच्या साधारण ४० सेंटिमीटर खाली जाईल. मॅग्नममध्ये साधारण ३३. फुप्फुसात लागायची गोळी पायाला लागणार की नाही, हे या काही बोटांवर ठरू शकतं. पायाला लागली तर ते जनावर तीन पायांवर डोंगरात निघून जातं आणि दोन दिवसांनी कुठेतरी मरतं. मांस वाया, जीव वाया. शिकारीच्या बाजूने असा किंवा विरोधात, हे वाईटच आहे, आणि तिथल्या जबाबदार शिकाऱ्याला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यात तिथे परवाना असतो. कितीतरी ठिकाणी एल्कचा परवाना सोडतीत निघतो, आणि काही भागांसाठी लोक दहा-दहा वर्षं वाट बघतात. एक जनावर, बहुधा एकच संधी. मग माणूस म्हणतो, अंदाज थोडा चुकला तरी सांभाळून घेईल असं काडतूस दे बाबा. मॅग्नमच्या वेगाने विकली ती ही माफी. अंदाजातल्या चुकीची माफी.

आणि मग खिशातला आरोपी आला

लेझर रेंजफाइंडर. तळहातावर मावणारं यंत्र. डोळ्याला लावा, बटण दाबा, आकडा समोर: ३८७ यार्ड. अंदाजाचं कामच संपलं.

पाठोपाठ मोबाइल. फोनवरच्या ॲपमध्ये गोळीचं वजन, आकार, वेग भरायचा. हवेचं तापमान आणि समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची. ॲप सांगतं, इतकं वर धरा. दुर्बिणीवर फिरवायची चकती असते, ती तेवढी टकटक फिरवायची आणि नेम सरळ जनावरावर धरायचा. गोळी पन्नास सेंटिमीटर खाली येवो नाहीतर साठ, आकडा माहीत आहे म्हटल्यावर फरक काय पडतो?

ज्या प्रश्नाचं उत्तर म्हणून मॅग्नम विकलं गेलं, तो प्रश्नच फोनने अर्धा करून टाकला. अर्धाच म्हणतोय, कारण वारा राहिला. वारा दरीत एका दिशेने आणि उतारावर दुसऱ्या दिशेने वाहतो, आणि तो मोजणारं ॲप अजून कुणाच्या खिशात नाही. पण तिथेही गंमत झाली. गोळ्यांचा आकार बदलला. नव्या गोळ्या लांब, सडपातळ, टोकदार आहेत. त्या हवेत वेग कमी गमावतात आणि वाऱ्याने कमी ढकलल्या जातात.

२००७ साली हॉर्नडी कंपनीने ६.५ क्रीडमूर नावाचं काडतूस काढलं. मुळात नेमबाजीच्या स्पर्धांसाठी. गोळी १४० ग्रेनच्या आसपास, वेग सेकंदाला साधारण ८२० मीटर. कागदावर मॅग्नमपुढे किरकोळ. पण गोळी इतकी सडपातळ की ४०० यार्डांवर वाऱ्याने तिचं सरकणं मॅग्नमच्या जुन्या घडणीच्या १८० ग्रेन गोळीइतकंच, किंबहुना थोडं कमी.

खांद्याचा हिशेब

मॅग्नमच्या जाहिरातीत एक आकडा कधीच ठळक नसतो. धक्का. गोळी पुढे जाते तेव्हा बंदूक मागे येते, न्यूटनचा तिसरा नियम, शाळेत पाठ केलेला. सारख्या वजनाच्या बंदुकीत थ्री हंड्रेड मॅग्नमच्या धक्क्याची ऊर्जा ६.५ क्रीडमूरच्या साधारण दुप्पट असते.

"सहन करायचं की, त्यात काय!" असं कुणी म्हणेल. पण अडचण दुखण्याची नाही. चार-पाच फैरींनंतर शरीर शिकतं की आता मार बसणार. मग चाप ओढायच्या क्षणी डोळे मिटतात, खांदा आखडतो, बोट झटका देतं. माणसाला पत्ताही लागत नाही. इंजेक्शनची सुई टोचायच्या आधीच आपण हात आवळतो ना, तसंच. आणि अशा वेळी गोळी चार बोटं नाही, हातभर चुकते.

म्हणजे बघा, जे काडतूस चुकीला माफी द्यायला आणलं, तेच काही जणांच्या हातात नवी चूक घडवतं. आणि ज्या बंदुकीचा धक्का नको वाटतो तिचा सराव माणूस टाळतो. वर्षाला वीस काडतुसं झाडून सरळ डोंगरात जातो. हलक्या काडतुसावर तो दोनशे झाडतो. जनावराच्या दृष्टीने यातला बरा शिकारी कोण, सांगायला नको.

हा वाद तसा जुनाच. विसाव्या शतकात अमेरिकेत जॅक ओ'कॉनर आणि एल्मर कीथ असे दोन नामवंत लेखक होते. ओ'कॉनर १९२५ सालच्या हलक्या, वेगवान .२७० विंचेस्टरचे भक्त. गोळी योग्य जागी लागली पाहिजे, हा त्यांचा आग्रह. कीथ म्हणायचे, गोळी मोठी आणि जड हवी, म्हणजे कशीही लागली तरी काम झालं पाहिजे. दोघांमध्ये अनेक वर्षं जुंपली होती. आजचे ॲप आणि रेंजफाइंडर ओ'कॉनर यांच्या पारड्यात वजन टाकतायत, एवढंच.

मारायला आलेले कुठे गेले?

थ्री हंड्रेड मॅग्नमला संपवायला याआधीही बरेच जण आले होते. १९९९ मध्ये रेमिंग्टनचं .३०० अल्ट्रा मॅग आलं, आणखी जास्त दारू भरलेलं. २००१ मध्ये खुद्द विंचेस्टरच्याच नावाने .३०० शॉर्ट मॅग्नम आलं, आखूड आणि गुटगुटीत. त्याच सुमारास रेमिंग्टनचंही एक आखूड मॅग्नम आलं, ते आज दुकानात शोधावं लागतं. अल्ट्रा मॅगचा धक्का फार. विंचेस्टरचं शॉर्ट मॅग्नम टिकलं, चांगलंही आहे, पण थोरल्या भावाची जागा त्याला घेता आली नाही.

का नाही? कारण हे सगळे तेच देत होते, थोडं वेगळ्या बाटलीत. फक्त तेवढ्यासाठी कोण चालू असलेली बंदूक बदलेल?

खरी गळती लागली ती खालच्या बाजूने. क्रीडमूरसारख्या लहान काडतुसांनी मॅग्नमचं गिऱ्हाईक नेलं. म्हणजे ज्याला वर्षातून एकदा शंभर किलोच्या आतलं हरीण मारायचं होतं, पण 'असावी ताकद हाताशी' म्हणून तो मॅग्नम घ्यायचा. तसे लोक पुष्कळ होते.

नळीतले आटे

वरच्या बाजूनेही एक धोका आहे, आणि तो जरा तांत्रिक आहे. दोन मिनिटं द्या.

नळीच्या आत स्क्रूसारखे आटे असतात. ते गोळीला गरगर फिरवतात, म्हणून ती भोवऱ्यासारखी स्थिर राहते. गोळी जितकी लांब, तितकी ती जोरात फिरवावी लागते. थ्री हंड्रेड मॅग्नमच्या नळीत ठरलेलं माप आहे दर १० इंचांना एक फेरा. १९६३ च्या गोळ्यांना ते पुरेसं होतं. आजच्या सगळ्यात लांब, सडपातळ गोळ्यांना ते अपुरं पडू लागतं. शिवाय लांब गोळी बसवली की काडतूस मॅगझिनमध्ये मावत नाही. मावायला ती आत दाबावी लागते, मग दारूची जागा जाते. आणि या काडतुसाची मान, म्हणजे गोळी धरून ठेवणारा भाग, आधीच आखूड आहे.

त्यात तांब्याच्या गोळ्या आल्या. शिशाचे कण गिधाडांच्या पोटात जातात म्हणून कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबं शिशापेक्षा हलकं. तेवढंच वजन हवं तर गोळी आणखी लांब करावी लागते.

हॉर्नडीने हे हेरलं. २०१८ मध्ये .३०० पीआरसी आणि २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी आणलं. कंबरपट्टा नाही, लांब गोळीला जागा आहे, आणि नळीत आटे आधीपासूनच जास्त पिळाचे. यातलं ७ एमएम तर नेहमीच्या लांबीच्या यंत्रणेत बसतं. विंचेस्टरने १९६३ मध्ये केलेली युक्तीच ती, आता तिच्यावरच उलटली.

सैन्यातही वारं फिरलं. २०१० नंतर अमेरिकी सैन्याने आपल्या जुन्या एम-२४ स्नायपर रायफली थ्री हंड्रेड विन मॅगवर नेल्या, एम-२०१० या नावाने. मग त्यांची जागा घ्यायला एमके-२२ निवडली, आणि तिच्यासाठी ठरलेल्या काडतुसांत .३०० नॉर्मा मॅग्नम आहे. विन मॅग नाही.

मग संपलं का?

नाही. आणि का नाही, ते समजायला तालुक्याच्या गावचं एखादं गॅरेज आठवा.

बाजारात बाइक किती नव्या आल्या? तरी स्प्लेंडर दिसतेच. कारण तिचा सुटा भाग कुठेही मिळतो आणि तिचं काम कुठल्याही मेकॅनिकला येतं. काडतुसाचंही तसंच. शिकारीला विमानाने गेलात, तुमची पेटी विमानतळावर राहिली, तर डोंगराच्या पायथ्याच्या एका छोट्या दुकानात काय मिळेल? .३०० पीआरसी मिळेल याची खात्री कमी. थ्री हंड्रेड विन मॅगचा डबा मात्र बहुधा धूळ झटकून काढून देतील. २०२० आणि २०२१ मध्ये अमेरिकेत काडतुसांचा मोठा तुटवडा झाला, तेव्हा ही गोष्ट लोकांना नव्याने कळली. जे दुकानात नाही, ते कागदावर कितीही भारी असलं तरी उपयोग काय?

दुसरं, बंदूक काही फोन नाही. दोन वर्षांनी बदलत नाहीत. बापाची मुलाकडे येते, मुलाची नातीकडे. साठ वर्षांत विकल्या गेलेल्या रायफली अजून कपाटात आहेत, आणि त्यांना काडतूस लागणारच. म्हणून कंपन्या ते बनवतच राहतात.

आणि तिसरं, जिथे जनावर खरोखर मोठं आहे, अंतर खरोखर लांब आहे, आणि मागे समोरून अस्वल येण्याची शक्यता आहे, त्या अलास्कात जड गोळी आणि वेग यांना आजही किंमत आहे. क्रीडमूर तिथे खेळणं वाटतं.

म्हणून माझं उत्तर असं. थ्री हंड्रेड विन मॅग मरत नाहीये, पण 'सगळ्यांनी घ्यावं असं' हे त्याचं स्थान गेलं. आधी नवखा माणूस न विचारता ते घ्यायचा, आता त्याने आधी विचारावं: माझं जनावर केवढं, माझं अंतर किती, आणि हा धक्का सोसून मी नीट सराव करणार आहे का? तिन्हींचं उत्तर जमलं तर हे काडतूस १९६३ इतकंच चांगलं आहे. नाही जमलं, तर त्याची जादा ताकद तो फुकट वाहतोय, आणि तिची किंमत एखाद्या दिवशी डोंगरातलं जनावर मोजणार.

एक लक्षात आलं का? इतक्या सगळ्या वादात काडतूस स्वतः एक मिलिमीटरही बदललं नाही. १९६३ मध्ये होतं तसंच आहे. बदललं ते आजूबाजूचं. मोजता यायला लागलं, म्हणून ताकदीचा भाव उतरला.

पुढच्या वेळी पेटीतून एडब्ल्यूएम निघाली की स्क्वॉडला हे सांगून बघा. अर्थात ऐकायला कुणी थांबलं तर.

आजच्यापुरतं एवढंच. प्रश्न असतील तर खाली लिहा, पुढच्या भागात घेऊ. भेटू, काळजी घ्या!